नळाविना पेडिक्युअर : पोर्टेबल खुर्ची निवडताना

विशेष प्रतिनिधी

पाहुणा दारात आला की त्याच्या पायांवर पाणी घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी त्यासाठी ओसरीवर पाण्याचा तांब्या आणि घंगाळ असे. आज शहरातील ब्युटी पार्लरमध्ये पायांची हीच सेवा ‘पेडिक्युअर’ या नावाने मिळते आणि तिच्यासाठी तांब्या-घंगाळाच्या जागी मोटार, हीटर आणि पाण्याचे फवारे असलेली खुर्ची येते. मात्र अशी पक्की खुर्ची बसवायची तर तिला थंड-गरम पाण्याची जोडणी आणि सांडपाण्याचा निचरा, असे दोन्ही हवे असतात. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतील असंख्य लहान पार्लरांची अडचण नेमकी येथेच सुरू होते.

ही पार्लरे बहुधा शॉपिंग सेंटरमधील भाड्याच्या गाळ्यात असतात. गाळ्यात वीज असते, शटर असते, पण नळ नसतो. पाणी मजल्याच्या टोकाला असलेल्या सामायिक स्वच्छतागृहातून आणावे लागते. नळ घ्यायचा तर गाळ्याच्या मालकाची आणि सोसायटीची परवानगी लागते. फरशी फोडून निचऱ्याची वाहिनी टाकली आणि उद्या खालच्या दुकानाच्या छतावर ओल दिसू लागली, तर तंटा पार्लरवालीच्या गळ्यात पडतो. त्यातून भाडेकरार दोन-तीन वर्षांचा असला, तर भिंतीत आणि फरशीत घातलेला पैसा जागा सोडताना तेथेच ठेवून जावा लागतो. अशा परिस्थितीत नळजोडणीशिवाय चालणारी, हलविता येणारी पोर्टेबल खुर्ची हा साहजिकच सोयीचा पर्याय ठरतो.

तथापि, ‘पोर्टेबल’ या एका शब्दाखाली बाजारात अगदी भिन्न स्वरूपाच्या वस्तू विकल्या जातात. त्यातील कोणती आपल्या जागेला, आपल्या ग्राहकांना आणि मुख्य म्हणजे तेथे काम करणाऱ्या मुलींना मानवेल, याचा विचार खरेदीपूर्वीच व्हायला हवा. कारण नळ नसला तरी पाणी लागायचे ते लागतेच. खुर्ची केवळ एवढेच ठरविते की ते पाणी कोणी, किती वेळा आणि कसे वाहून न्यायचे.

पाण्याचा हिशेब आधी

खुर्चीचे रंग आणि गादीचा मऊपणा पाहण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन पाण्याचा हिशेब मांडणे श्रेयस्कर. घोट्यापर्यंत पाय बुडतील अशा टबाला साधारणपणे १० लिटर पाणी पुरते. पाय पुन्हा धुण्यासाठी सुमारे ३ लिटर आणि टब घासून धुण्यासाठी आणखी ५ लिटर धरले, तर एका ग्राहकामागे १८ लिटर पाणी लागते. दिवसाला सहा ग्राहक आले, तर हा आकडा १०८ लिटरवर जातो. म्हणजे पाण्याचे २० लिटरचे जार वापरायचे झाल्यास दिवसाला सहा जार हवेत. यातील एकेक जार २० किलोहून अधिक वजनाचा असतो.

जेवढे पाणी आत येते, तेवढेच पाणी, साबण, मळ आणि मृत त्वचेसह बाहेर जावे लागते. १० लिटर पाणी भरलेला टब स्वतःच्या वजनासह सहज १३ किलोपर्यंत भरतो. तो जमिनीवरून वाकून उचलायचा, हिंदकळू न देता ग्राहकांच्या मधून न्यायचा आणि व्हरांड्याच्या टोकाला रिकामा करायचा, हे काम दिवसातून सहा वेळा करावे लागले तर पाठ आणि मनगट यांची काय अवस्था होईल, याची कल्पना करणे अवघड नाही. वाटेत पाणी सांडले तर गुळगुळीत फरशीवर घसरून पडण्याचा धोका वेगळाच.

म्हणूनच पाण्याचा नळ किती पावलांवर आहे, मध्ये उंबरठा किंवा पायऱ्या आहेत का, सामायिक स्वच्छतागृहात पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळीच येते, या प्रश्नांची उत्तरे प्रथम मिळवावीत. जेथे पाणी सकाळी दोन तासच येते, तेथे झाकणाचे पिंप ठेवण्याची जागा खुर्चीच्या जागेइतकीच महत्त्वाची ठरते.

पर्यायांचे चार प्रकार

नळजोडणीविना वापरता येणाऱ्या साधनांची ढोबळमानाने चार गटांत विभागणी करता येईल.

पहिला प्रकार सर्वांत साधा. आरामशीर खुर्ची, पाय ठेवण्याचा आधार, सुटा टब आणि काम करणारीसाठी बसके स्टूल. यात मोटार नाही, हीटर नाही, बिघडण्यासारखे काही नाही. गरम पाणी बाहेरून आणून ओतायचे. फवाऱ्यांचे सुख ग्राहकाला मिळत नाही, हा याचा उणेपणा. परंतु टब पूर्णपणे उघडा आणि गुळगुळीत असल्याने तो घासून स्वच्छ करणे सर्वांत सोपे जाते.

दुसरा प्रकार म्हणजे विजेवर चालणारा, बुडबुडे आणि कंपने देणारा लहान टब. घरगुती वापरासाठी तो मोठ्या प्रमाणावर विकला जातो आणि अनेक पार्लरेही तोच आणतात. तो हलका असतो. पण घरात आठवड्यातून एकदा वापरण्यासाठी बनविलेली वस्तू दिवसातून सहा वेळा वापरली, तर ती किती टिकेल, याचा विचार खरेदीदाराने करावा. व्यावसायिक वापरास वॉरंटी लागू आहे का, हे बिलावर लिहून घेणे हिताचे.

तिसरा प्रकार पूर्ण खुर्चीचा. खुर्चीच्या खाली सरकणारा टब असतो. काम झाले की तो आत ढकलता येतो. यातील काही खुर्च्यांमध्ये पाणी खेळविण्यासाठी आतून नळ्या फिरविलेल्या नसतात. टबाच्या भिंतीला लावलेला, सहज काढता येणारा छोटा पंखाच पाणी फिरवितो. अशा रचनेला बाजारात ‘पाइपलेस’ म्हणतात. काही खुर्च्यांच्या टबात प्रत्येक ग्राहकासाठी नवे प्लास्टिकचे अस्तर घालण्याची सोय असते.

चौथा प्रकार टाक्यांसह येतो. एका टाकीत स्वच्छ पाणी, दुसऱ्या टाकीत वापरलेले पाणी आणि दोहोंच्या मध्ये छोटा पंप. टब उचलावा लागत नाही, हा मोठा लाभ. पण टाकी भरावी आणि रिती करावी लागतेच. दोन्ही टाक्या २०-२० लिटरच्या असल्या तरी एका भरणीत जेमतेम एकच ग्राहक होतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही. वापरलेल्या पाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा थोडी मोठी असावी, नाही तर ती उतू जाऊन पाणी गाळ्यात पसरते. शिवाय ही टाकी रोज रिती करून धुतली नाही, तर दुसऱ्याच दिवशी दुर्गंधी सुटते.

फवाऱ्यांमागील धोका

खुर्ची दाखविताना विक्रेते सर्वप्रथम पाण्याच्या फवाऱ्यांचे बटण दाबून दाखवितात. नेमक्या याच सोयीबाबत सर्वाधिक सावधगिरी बाळगण्याची आवश्यकता आहे. याचे कारण अमेरिकेत सन २००० मध्ये घडलेल्या एका घटनेत सापडते.

कॅलिफोर्निया राज्यातील वॉटसनव्हिल या गावी एकाच नेल सलूनमध्ये पेडिक्युअर करून घेतलेल्या महिलांच्या पोटऱ्यांवर गळवे उठू लागली. सुमारे ११० ग्राहकांना त्याची लागण झाली. ही गळवे महिनोन्महिने बरी होत नव्हती आणि बरी झाल्यावरही व्रण मागे राहत होते. ‘मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम’ नावाचा, पाण्यात आणि मातीत आढळणारा जंतू त्याला कारणीभूत असल्याचे निष्पन्न झाले. तपास पथकाने सलूनमधील दहाही पाऊलटबांची तपासणी केली, तेव्हा पाणी पुन्हा आत खेचणाऱ्या जाळीच्या मागे केस आणि त्वचेचे कण साचलेले आढळले. त्या साच्यातच जंतूंची वाढ झाली होती. दहाही टबांमध्ये तो जंतू मिळाला. पेडिक्युअरपूर्वी पायांवर वस्तरा फिरविलेल्या महिलांना लागण होण्याचा धोका अधिक होता, असेही दिसून आले. वस्तऱ्याने त्वचेवर पडणारे, डोळ्यांना न दिसणारे ओरखडे जंतूंना वाट करून देतात. या प्रकरणाचा शोधनिबंध २००२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि कॅलिफोर्नियात पाऊलटबांच्या स्वच्छतेविषयी तपशीलवार नियम करण्यात आले.

ते सलून बाहेरून अस्वच्छ होते म्हणून हे घडले, असे समजण्याचे कारण नाही. वरून चकचकीत दिसणाऱ्या टबाच्या आत, जेथे हात पोहोचत नाही, तेथे मळ साचत गेला. नळ्यांमध्ये उरलेल्या पाण्यात जंतू एकत्र येऊन बुळबुळीत थर तयार करतात. हा थर एकदा जमला की वरवर ओतलेले जंतुनाशक त्याच्या आतपर्यंत पोहोचत नाही.

यावरून खरेदीचा एक सरळ नियम निघतो. ज्या भागाला पाण्याचा स्पर्श होतो, तो प्रत्येक भाग सुटा काढून घासता आला पाहिजे. विक्रेत्याला दुकानातच जाळी काढून दाखविण्यास सांगावे. त्यासाठी पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत असेल किंवा स्क्रू-ड्रायव्हर शोधावा लागत असेल, तर रोजच्या धावपळीत ती जाळी कोणी काढणार नाही, हे गृहीत धरावे. फवारे हवेतच असतील, तर नळ्या नसलेली रचना घ्यावी. तीही नसेल, तर साधा टब अधिक सुरक्षित समजावा.

प्लास्टिकच्या अस्तरामुळे टबाचा पृष्ठभाग झाकला जातो, पण पंख्याला किंवा फवाऱ्याला अस्तराचे संरक्षण मिळेलच असे नाही. शिवाय प्रत्येक ग्राहकामागे नव्या अस्तराचा खर्च येतो आणि कचऱ्यात भर पडते ती वेगळीच. अस्तर घातले म्हणून टब धुण्यापासून सुटका झाली, असा समज करून घेऊ नये.

एक खुर्ची, दोन टब

पाऊलटब निर्जंतुक करण्याचा क्रम सोपा आहे. प्रथम पाणी काढून टाकायचे. मग साबणाच्या पाण्याने टब आणि त्याचे सुटे भाग घासून मळ काढायचा. खळबळून झाल्यावर जंतुनाशकाचे द्रावण घालायचे आणि बाटलीवर दिलेला वेळ ते तसेच राहू द्यायचे. बहुतेक जंतुनाशकांसाठी हा वेळ दहा मिनिटांचा असतो. शेवटी धुऊन, पुसून कोरडा करायचा. मळ न काढता थेट जंतुनाशक ओतले, तर त्याची शक्ती मळातच खर्ची पडते.

यात अडचण दहा मिनिटांची आहे. बाहेर पुढची ग्राहक ताटकळत असताना हा वेळ पाळला जाणे कठीण. म्हणूनच खुर्ची एक असली तरी टब किमान दोन असावेत. एक वापरात असताना दुसरा जंतुनाशकात राहतो आणि कोणाचीच घाई होत नाही. ज्या खुर्चीचा टब वेगळा विकत मिळत नाही, ती कितीही देखणी असली तरी गर्दीच्या पार्लरसाठी गैरसोयीचीच. टब तडकला तर केवळ टब बदलता येतो, हा आणखी एक फायदा.

जंतुनाशक म्हणून सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचचे, द्रावण स्वस्त आणि परिणामकारक असते. मात्र ते स्टीलला डाग पाडते, तांब्या-पितळेला काळवंडते आणि गादीच्या रेक्झिनचा रंग उडविते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते संडास धुण्याच्या आम्लयुक्त द्रवात किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद गाळ्यात तो जिवावर बेतू शकतो. टँकरचे किंवा बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या पार्लरांमध्ये हीटरवर क्षारांचे पांढरे थर चढतात. ते काढण्यासाठी व्हिनेगर वापरले जाते. असे दोन्ही पदार्थ एकाच कोनाड्यात असतील, तर त्यांच्या बाटल्यांवर मराठीत ठळक चिठ्ठ्या चिकटविणे अगत्याचे.

टब कोणत्या पदार्थाचा आहे, यालाही महत्त्व आहे. प्लास्टिकचा टब हलका आणि स्वस्त, पण त्यावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत मळ बसतो. त्यामुळे तो काथ्याने किंवा तारेच्या घासणीने न घासता मऊ ब्रशने घासावा आणि खरखरीत झाला की बदलावा. स्टीलचा टब टिकाऊ, पण त्यातील पाणी लवकर निवते. तांब्याचे घंगाळ दिसायला मोहक असले, तरी रोजच्या जंतुनाशकापुढे त्याची चकाकी टिकत नाही.

पाणी गरम कोठे करायचे?

नळ नाही म्हणजे गिझरही नाही. मग पाणी गरम करण्याचे काम खुर्चीतील हीटरवर सोपवावे, असा विचार अनेक जण करतात. येथे थोडे गणित उपयोगी पडते. १० लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यासाठी ०.१७ युनिटच्या आसपास वीज लागते. खर्च किरकोळ आहे, पण वेळ नाही. ५०० वॉटच्या हीटरला या कामासाठी २० मिनिटांहून अधिक काळ लागतो. अनेक टबांमधील हीटर तर आधीच गरम असलेले पाणी कोमट राखण्यापुरताच असतो. ‘हीटर आहे’ या उत्तरावर समाधान न मानता तो किती वॉटचा आहे, हे पाटीवर वाचून घ्यावे.

विजेच्या किटलीचा मार्ग यापेक्षा सुटसुटीत आहे. खोलीच्या तापमानाच्या, म्हणजे २७ अंशांच्या सव्वाआठ लिटर पाण्यात पावणेदोन लिटर उकळते पाणी घातले की १० लिटर पाणी ४० अंशांना येते. म्हणजेच एका ग्राहकासाठी साधारण एक मोठी किटली पुरते. आधी थंड पाणी भरावे, मग त्यात गरम पाणी मिसळावे आणि ग्राहकाचे पाय त्यानंतरच टबात यावेत, हा क्रम कधीही मोडू नये. हाताने अंदाज घेण्यापेक्षा साधा पाण्याचा तापमापक वापरणे उत्तम. दिवसभर गरम पाण्यात काम करणाऱ्या हातांना उष्णतेची सवय झालेली असते.

बादलीत सोडण्याचा विजेचा रॉड शक्यतो टाळावा. तो चालू असताना पाण्याला हात लागला, तर अपघात होऊ शकतो आणि गर्दीच्या वेळी तो चालू आहे की बंद, हे विसरायला वेळ लागत नाही.

वीज आणि पाणी एकत्र

पाण्यात पाय बुडवून बसलेल्या माणसाला विजेचा धक्का बसला, तर तो कोरड्या माणसाला बसणाऱ्या धक्क्यापेक्षा कितीतरी घातक ठरतो. ओल्या त्वचेतून वीज सहज वाहते. म्हणून पोर्टेबल खुर्ची घेताना त्या गाळ्यातील वायरिंगची तपासणी हा खरेदीचाच भाग मानला पाहिजे.

अर्थिंग ठीक आहे ना, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. वीजगळती होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारे आरसीसीबी हे उपकरण मुख्य फलकावर असावे आणि ते ३० मिलिअँपिअरचे असावे. १०० मिलिअँपिअरचे उपकरण आगीपासून काहीसे संरक्षण देते, पण माणसाच्या जिवासाठी ते पुरेसे नाही. उपकरणावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. प्लग तीन पिनांचा असावा. खुर्चीसाठी एक्स्टेंशन बोर्ड वापरण्याची वेळ आली, तर जागाच चुकली असे समजावे, कारण जमिनीवरचा बोर्ड आणि सांडणारे पाणी यांची गाठ कधी ना कधी पडतेच. १५०० वॉटची किटली साडेसहा अँपिअर प्रवाह घेते. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर ती लावणे म्हणजे वायर तापविण्यास निमंत्रण. तिच्यासाठी १६ अँपिअरचे सॉकेट हवे.

टब रिकामा करताना, भरताना किंवा पुसताना प्लग काढलेला असावा, हा नियम भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

बसणारी आणि काम करणारी

ग्राहक खुर्चीत पाऊण ते एक तास बसते. काम करणारी मात्र दिवसभर स्टुलावर वाकून असते. खुर्ची निवडताना ग्राहकाच्या सोयीचा विचार होतो, दुसरीचा क्वचितच.

टब जमिनीवर ठेवला की काम करणारीला कंबरेतून पुढे झुकावे लागते. टब जमिनीपासून थोडा उंच असला, तर तिची पाठ सरळ राहते. तळाशी तोटी असलेला टब उंचावर असेल, तर खाली बादली ठेवून पाणी सोडता येते, टब उचलण्याचे कष्ट वाचतात. परंतु साध्या बादलीची उंचीच फूटभर असते. टब तेवढा वर नेला, तर आसनही वर न्यावे लागते आणि मग गुडघेदुखीच्या ज्येष्ठ महिलेला खुर्चीवर चढणे अवघड होते. यावर मध्यम मार्ग असा, की टब वीतभर उंचीवर ठेवावा आणि पाणी तोटीतून बसक्या, झाकणाच्या डब्यात दोन टप्प्यांत घ्यावे किंवा छोट्या पंपाने नळीवाटे काढावे. पंप घेताना तो पाणी किती उंच आणि किती लांब ढकलू शकतो, हे स्वतःच्या जागेचे अंतर मोजून विचारावे. खाली चाके असलेली ट्रॉली घेतली, तर वापरलेले पाणी उचलून न नेता ढकलत नेता येते.

आसन साडी नेसलेल्या महिलेलाही अवघडल्यासारखे होणार नाही एवढे रुंद हवे. हात टेकण्याचा एक दांडा वर उचलता येणारा असला, तर बाजूने बसणे-उठणे सोपे जाते. चाके असतील, तर त्यांना कुलूप असलेच पाहिजे आणि ग्राहक बसण्यापूर्वी ते लावलेले असले पाहिजे. दुकानात खुर्चीची परीक्षा घेताना पाठ पूर्ण मागे टाकून, मग पुढच्या पायटेकणीवर भार देऊन पाहावे. खुर्ची डळमळली, तर ती कितीही स्वस्त असली तरी नको. ती किती किलो वजन पेलते, हे लेखी घ्यावे. गादीला शिवणी जितक्या कमी, तितके पाणी आत मुरण्याचे आणि कुबट वास येण्याचे प्रमाण कमी.

जागेचे माप घेण्यासाठी खडू पुरतो. पाठ मागे टाकलेली खुर्ची साधारण पाच फूट लांबी व्यापते. समोर काम करणारीला अडीच फूट लागतात. म्हणजे साडेसात फुटांची पट्टी झाली. १० बाय १२ फुटांच्या गाळ्यात ती आखून पाहिली की येण्या-जाण्याची वाट उरते का, हे लगेच दिसते. खुर्ची रोज आवरून ठेवायची असेल, तर घडी केल्यावर ती दारातून आणि इमारतीच्या लिफ्टमधून जाते का, हेही मोजावे. घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या महिलांनी तर अवजड खुर्चीच्या फंदात न पडता घडीचे स्टूल, घडीचा टब आणि तापमापक यांवरच भर द्यावा. ग्राहकाच्या घरी खुर्ची असतेच.

सांडपाणी कोठे जाते?

वापरलेले पाणी व्हरांड्याच्या कोपऱ्यात, कुंडीत किंवा पावसाळी गटारात ओतणे योग्य नव्हे. पावसाळी वाहिन्यांतील पाणी प्रक्रिया न होताच नदी-नाल्यांत आणि समुद्रात जाते. पेडिक्युअरचे पाणी स्वच्छतागृहाच्या मोरीतच जायला हवे, तेही केस आणि त्वचेचे कण गाळून. साधी बारीक जाळी त्यासाठी पुरते. सामायिक मोरी तुंबली की संशय पहिल्यांदा पार्लरवरच येतो, हे लक्षात घेता सोसायटीशी आधीच लेखी बोलणी करून ठेवावीत.

मधुमेहींबाबत विशेष दक्षता

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेहाने ग्रस्त आहेत. म्हणजेच पार्लरमध्ये येणाऱ्या ग्राहकांत मधुमेही असण्याची शक्यता मोठी. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. पाणी पोळते आहे, हे त्या व्यक्तीला समजतच नाही. लहानशी जखमही लवकर भरत नाही आणि चिघळल्यास पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. मधुमेहींनी पाय फार वेळ पाण्यात बुडवून ठेवू नयेत, असे डॉक्टर सांगतात ते यामुळेच.

काम सुरू करण्यापूर्वी मधुमेह आहे का, पायावर जखम, भेग किंवा बुरशी आहे का, नुकतेच वॅक्सिंग किंवा शेव्हिंग केले आहे का, हे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्या ग्राहकांबाबत तर हे अधिकच आवश्यक. उत्तर ‘हो’ असेल, तर टब बाजूला ठेवावा.

खर्चाचे गणित

समजा, खुर्चीची किंमत ४० हजार रुपये आहे, ती तीन वर्षे टिकते, वर्षाचे ३०० दिवस काम चालते आणि रोज चार पेडिक्युअर होतात. तीन वर्षांत ३,६०० पेडिक्युअर झाले, म्हणजे खुर्चीचा भार प्रत्येकी ११ रुपयांच्या आसपास पडतो. रोज दोनच ग्राहक आले, तर तो २२ रुपये होतो. यात अस्तर, जंतुनाशक, टॉवेलची धुलाई, विकतचे पाणी आणि मदतनीसाचा वेळ मिळवावा. बहुतेक वेळा असे आढळेल की खुर्चीच्या किमतीपेक्षा या रोजच्या खर्चाची बेरीज मोठी आहे. महाग खुर्ची घेऊन हात आखडण्यापेक्षा मध्यम खुर्ची, दोन टब आणि स्वच्छतेचे पुरेसे साहित्य घेणे व्यवहार्य, असा याचा अर्थ. पंप, पंखा, जाळी हे सुटे भाग आपल्या शहरात मिळतात का आणि दुरुस्तीला माणूस येतो का, याची चौकशीही किमतीइतकीच मोलाची.

जेथे नळ खूपच दूर आहे किंवा पाण्याची टंचाई नित्याची आहे, तेथे पाण्यावाचून पेडिक्युअरचाही विचार करता येईल. गरम, ओल्या टॉवेलांत पाय गुंडाळून त्वचा मऊ करायची आणि पुढील काम नेहमीप्रमाणे करायचे, अशी ती पद्धत. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र धुतलेले टॉवेल हवेत, पण टब, पंप, सांडपाणी हे प्रश्नच उरत नाहीत.

ग्राहकांनी काय पाहावे?

- टब आपल्यासमोर धुतला जातो का? नसल्यास तसे सांगावे.
- फवाऱ्याची जाळी शेवटची कधी काढली, हे विचारावे. स्वच्छतेची नोंदवही ठेवणारे पार्लर पसंत करावे.
- त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी पायांवर वस्तरा फिरविला असेल, तर पेडिक्युअर पुढे ढकलावे.
- पाय बुडविण्यापूर्वी पाण्याचा अंदाज हाताच्या कोपराने घ्यावा.
- मधुमेह, जखम किंवा त्वचाविकार असल्यास स्वतःहून सांगावे.
- नंतर काही दिवसांनी पोटरीवर न भरणारी पुळी किंवा गळू आल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि पेडिक्युअर केल्याचे सांगावे.

नळ नसणे ही लहान पार्लरची उणीव खरी, पण ती भरून काढता येते. सुटा, गुळगुळीत, हाताने घासता येणारा टब हा महागड्या, नळजोडणीच्या पण आतून मळलेल्या टबापेक्षा केव्हाही चांगला. खुर्ची विकत घेताना तिच्या गादीवर बसून पाहावे, हे ठीकच. पण त्याआधी टबात दहा लिटर पाणी भरून ते एकदा स्वतः उचलून पाहावे. रोज ते उचलणार कोण, याचे उत्तर मिळाले की खुर्चीची निवड बरीच सोपी होते.